होडी झाकावी, कोंडू नये

वैशाख सरत आला म्हणजे कोकणातील खाडीकाठच्या व किनाऱ्यावरील गावांतून होड्या पाण्याबाहेर ओढून ठेवण्याची लगबग सुरू होते. यांत्रिक नौकांस १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत मासेमारी करण्यास शासनाची बंदी असते. बिगरयांत्रिक लहान होड्यांस ही बंदी लागू नसली, तरी मृगाचा पाऊस आणि समुद्राचे उधाण यांपुढे त्याही बहुधा नारळी पौर्णिमेपर्यंत जमिनीवरच विसावतात. म्हणजे वर्षातील दोन-अडीच महिने होडी कामावर नसते. बैल कामावर नसला तरी त्याची वैरण चुकवीत नाही, नांगराचा फाळ तेल लावून ठेवतो. होडी मात्र एकदा झाकली की आपले कर्तव्य संपले, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. पावसाने जितक्या होड्या कुजतात त्यापेक्षा अधिक होड्या या समजुतीने कुजतात, असे माझे मत आहे.

शेतीच्या पत्रिकेत होडीचा विषय कशासाठी, अशी शंका देशावरील वाचकांस येईल. खाडीकाठच्या शेतकऱ्यास ती येणार नाही. पलीकडच्या तीरावरील खाचरात मजूर न्यावयाचे तर होडीतून, भाताचे भारे आणावयाचे तर होडीतून, नारळ आणि आंब्याच्या पेट्या धक्क्यावर पोचवावयाच्या तर त्याही पुष्कळदा होडीतूनच. भाताचे पीक हातचे गेले तर तीच होडी व एक जाळे यांवर घर चालते. २०२५ साली महाराष्ट्र शासनाने मत्स्यव्यवसायास कृषिसमान दर्जा देण्याचा निर्णय घेतला. तेव्हा होडी हे शेतीचे अवजार आहे असे म्हणण्यास आता कागदोपत्रीही आडकाठी नसावी.

या विषयाकडे माझे लक्ष वेधले ते माझ्याच एका चुकीमुळे. सिंधुदुर्गातील एका खाडीकाठच्या गावी मे महिन्यात शेतकऱ्यांच्या सभेस गेलो असता एका तरुण शेतकऱ्याने आपली होडी पावसाळ्यात कशी ठेवावी, असे विचारले. माडाचे झाप विणणारी माणसे मिळेनात, आणि झाप विकत घ्यावे तर मजुरीसह भारी पडत, अशी त्याची अडचण होती. मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, की चांगली जाड प्लास्टिकची ताडपत्री घ्या, होडीभोवती घट्ट गुंडाळा, सुंभाने आवळून बांधा, म्हणजे पावसाचा एक थेंबही आत जाणार नाही. त्याने सांगितल्याप्रमाणे केले. श्रावणात पुन्हा त्या बाजूस जाणे झाले तेव्हा त्याने मुद्दाम बोलावून नेले व माझ्यासमोर ताडपत्री सोडली. आतून जी कोंदट वाफ आली, तिने मी दोन पावले मागे सरलो. फळ्यांवर काळ्या-हिरव्या बुरशीचा थर होता, वल्ह्यांच्या मुठींवर कापसासारखे पांढरे तंतू वाढले होते, दोरखंड बुळबुळीत झाले होते, आणि मागील बाजूच्या दोन बरगड्यांत आरी टोचली तर ती साबणात शिरावी तशी आत जात होती. पावसाचा थेंब आत गेला नव्हता, हे मात्र खरे.

शेजारीच त्याच्या चुलत्यांची जुनी होडी झापांच्या छपराखाली होती. छपरास दोन ठिकाणी भोके पडलेली, खालून कोंबड्या फिरत होत्या, दोन्ही टोके उघडी. ती होडी पावसाच्या तुषारांनी थोडी भिजलेली, परंतु खणखणीत होती. म्हातारबाबा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. एवढेच म्हणाले, "साहेबानू, होडयेक छप्पर होया, गोधडी नको." कृषि महाविद्यालयात बुरशींवर जे शिकलो होतो, त्यातील महत्त्वाचा भाग या एका वाक्यात आला होता, आणि तो मला आठवला नाही याची लाज वाटली.

बुरशीचे बीजकण हवेत सर्वत्र असतात. ते झाडून, धुऊन किंवा फवारून कायमचे नाहीसे करता येत नाहीत. त्यांना वाढण्यास चार गोष्टी लागतात: अन्न, ऊब, ओल आणि स्तब्ध हवा. होडीचे लाकूड, त्यावरील तेल, मासळीचा चिकटा, दोरखंडातील मळ हे सर्व अन्नच आहे. ऊब कोकणात बारमाही आहे. राहिली ओल आणि स्तब्ध हवा. मनुष्याच्या हाती काही असेल तर ते एवढेच. द्राक्षबागाईतदार भुरी व केवडा यांच्या भीतीने वेलीची दाटी विरळ करतो, पानांतून वारा खेळू देतो, ते याच कारणाने.

येथे आकड्यांचा थोडा विचार करणे आवश्यक आहे. चांगल्या वाळलेल्या लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या शेकडा १२ ते १५ इतके पाणी असते. लाकूड कुजविणाऱ्या बुरशीस साधारणतः शेकडा २० पेक्षा अधिक ओल लागते आणि शेकडा २८ ते ३० च्या पुढे तिची वाढ जोमाने होते. आता कोकणात आषाढ-श्रावणात हवेतील आर्द्रता शेकडा ९० च्या आसपास कित्येक आठवडे टिकून राहते. अशा हवेत ठेवलेले लाकूड, त्यावर पाऊस पडला नाही तरी, केवळ हवेतून ओल शोषून शेकडा २० च्या सीमेपर्यंत येऊन ठेपते. म्हणजे आपली होडी पावसाळाभर काठावरच उभी असते. वर छप्पर व अंगास वारा असेल तर ती काठावर टिकते. वारा बंद केला की पलीकडे जाते. सोलापूर-अहिल्यानगरकडे कोरड्या हवेत जी हयगय खपून जाईल ती येथे खपत नाही.

घट्ट बांधलेल्या प्लास्टिकखाली काय घडते ते पाहा. होडी झाकताना लाकडात, तळाच्या फटींत, दोरांत थोडीबहुत ओल असतेच. खालच्या जमिनीतूनही वाफ वर येत राहते. उघडीप पडून ऊन आले की ताडपत्रीखालची हवा तापते व लाकडातील ओल वाफ होऊन तिच्यात मिसळते. रात्री ताडपत्री निवली की तीच वाफ कापडाच्या आतील बाजूस दवासारखी जमते व थेंबाथेंबाने पुन्हा होडीवर पडते. बाहेरचा पाऊस अडविला, पण आत आपणच एक लहानसा पावसाळा निर्माण केला, आणि त्यास उघडीप म्हणून नाही. मशागतीवाचून बुरशीचे पीक घ्यावयाचे तर याहून सोयीची रचना मला सांगता येणार नाही.

बुरशी सारखी नसते हेही ध्यानात घ्यावे. फळीवर जो काळा, हिरवा किंवा राखी बुरा येतो तो बहुधा पृष्ठभागावरच्या मळावर व तेलावर जगतो. त्याने लाकडाची ताकद फारशी कमी होत नाही. परंतु तो पुसून टाकला की झाले, असे समजणे घातक आहे. बुरा आला याचा अर्थ ओल मर्यादेपलीकडे गेली, आणि जेथे बुरा येतो तेथे लाकूड आतून खाणारी बुरशीही मागाहून येऊ शकते. ती डोळ्यांस दिसत नाही. रंगाखालची फळी वरून गुळगुळीत असते आणि आत तिचे तपकिरी ठोकळे झालेले असतात. भर खाडीत अशी फळी निखळली तर काय होईल, हे सांगावयास नको.

आणखी एक गोष्ट शिकलेल्या माणसास चटकन पटत नाही. समुद्राच्या पाण्याने होडी कुजत नाही. ती कुजते गोड्या पाण्याने. लाकडात मुरलेल्या मिठात कुजविणारी बुरशी सहसा तग धरीत नाही, आणि पूर्ण पाण्याखाली असलेल्या लाकडास हवा न मिळाल्याने तेथेही ती वाढत नाही. म्हणूनच होडीचा पाण्यात राहणारा तळ टिकतो आणि वरच्या काठाचे सांधे, बरगड्यांची टोके, खिळ्यांच्या भोवतालची जागा, जेथे पावसाचे पाणी साचून राहते, तेथून कूज सुरू होते. एका पावसाळ्याचे पाणी होडीत साचू दिले तर लाकडातील वर्षभराचे मीठ धुऊन निघते. छप्पर हवे ते यासाठी.

झापांचे छप्पर ही कामगिरी नीट बजावते. त्यावर पडलेले पाणी वाहून जाते, परंतु विणीतून वारा आतबाहेर होतो. ते रात्री प्लास्टिकइतके निवत नाही व त्याखाली दव जमत नाही. तरीही जुने ते सर्व सोने, असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. झाप दरवर्षी नवे लागतात, त्यांत उंदीर व वाळवी घर करतात, विणणारे हात कमी झाले आहेत, आणि ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळासारखे वादळ आले तर सैल बांधलेले छप्पर प्रथम उडते. ताडपत्री स्वस्त आहे, मिळते, पुन्हा वापरता येते. तेव्हा दोष ताडपत्रीचा नाही. ती होडीच्या अंगास चिकटवून बांधण्याचा आहे.

नाशिककडील शेतकऱ्याने कांद्याची चाळ कशी बांधली आहे ते ज्यांनी पाहिले असेल, त्यांना पुढील गोष्ट सांगण्याचे कारण नाही. चाळीची जमीन दीड-दोन फूट उचललेली, बाजू पट्ट्यापट्ट्यांच्या, वर उतरते छप्पर; पाऊस बाहेर, वारा आरपार. होडीसही अशीच चाळ हवी. प्रथम होडी वाळूवर किंवा गवतावर टेकवून न ठेवता लाकडी ओंडक्यांवर वा दगडांवर दीड-दोन फूट उचलून ठेवावी. पुढील नाळ मागील बाजूपेक्षा चार-सहा इंच उंच असावी आणि तळाचे बूच काढून ठेवावे, म्हणजे आत गेलेले पाणी आपोआप वाहून जाईल. लहान होडी दोघा-चौघांनी उपडी करून घोड्यांवर ठेवली तर उत्तमच. मग होडीच्या दोन्ही टोकांस कैचीसारखे बांबू रोवून त्यांवर लांबीभर एक आडवा बांबू बांधावा व त्यावरून ताडपत्री तंबूसारखी दोन्ही बाजूंस उतरती सोडावी. ताडपत्री आणि होडीचा काठ यांत कोठेही हातभर तरी अंतर राहावे. खालची कड जमिनीपासून फूट-दीड फूट वर असावी, आणि दोन्ही टोके उघडी. पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, म्हणून त्या अंगास कड थोडी अधिक खाली आणावी किंवा झापांचा एक आडोसा करावा. चारही बाजू बंद करण्याचा मोह टाळावा. दोर खुंट्यांस पक्के असावेत, आणि होडीही स्वतंत्रपणे बांधलेली असावी. सर्व मिळून खर्च पाच-सहा बांबूंचा. जागा निवडताना फणसा-आंब्याच्या दाट सावलीखालची घेऊ नये. पाऊस थांबल्यावरही तेथे तासन्‌तास पाणी ठिबकते व पाला साचतो. माडाखालची जागा का टाळावी, ते ज्याच्या होडीवर नारळ पडला असेल त्यास विचारावे.

झाकण्यापूर्वीची तयारी छपराइतकीच महत्त्वाची. भात कणगीत भरण्यापूर्वी आपण ते शेकडा १२ ते १४ ओलीपर्यंत वाळवतो. ओले भात कणगीत भरणाऱ्यास शेजारी वेड्यात काढतील. ओली होडी झाकणाऱ्यास मात्र कोणी काही म्हणत नाही. मे महिन्याचे कडक ऊन हे आपणांस फुकट मिळणारे सर्वांत प्रभावी बुरशीनाशक आहे. होडी पाऊस तोंडावर येण्याची वाट न पाहता आठ-दहा दिवस आधी बाहेर काढावी. लाकडी होडी आतून खाऱ्या पाण्याने व ब्रशाने घासून चिखल, मासळीचा चिकटा, खवले काढून टाकावे व ती पूर्ण वाळू द्यावी. तेल किंवा रंग द्यावयाचा तो वाळल्यानंतरच; ओल्या लाकडावर रंग देणे म्हणजे ओल आत कुलूपबंद करणे होय. दोरखंड, जाकिटे, शीड, बसावयाच्या गाद्या यांना मात्र गोड्या पाण्याने धुवावे, कारण त्यांतील मीठ दमट हवेतून पाणी ओढून घेते आणि त्या वस्तू कधीच कोरड्या होत नाहीत. या वस्तू होडीत ठेवूच नयेत. घरात माळ्यावर, जमिनीस व भिंतीस न टेकविता, टांगून ठेवाव्यात. नायलॉनचे जाळे कुजत नाही हे खरे, पण त्यावरील चिकट्यावर बुरशी येते आणि त्या वासाने उंदीर येतात.

फायबरच्या होडीस हे काही लागू नाही, असा एक समज झपाट्याने पसरत आहे. फायबर बुरशी खात नाही, हे खरे. परंतु फायबरच्या होडीतही मागच्या फळीच्या आत, जेथे इंजिन टांगतात तेथे, बहुधा लाकूड किंवा प्लायवूड असते. इंजिनाच्या बोल्टांच्या छिद्रांतून पावसाचे पाणी आत शिरते, बाहेर पडण्यास वाट नसते, आणि फायबरच्या दोन थरांमध्ये लाकूड गुपचूप कुजते. अशी फळी इंजिनाच्या भाराने वाकू लागेपर्यंत मालकास पत्ता नसतो. तेव्हा इंजिन काढून घरी ठेवावे, छिद्रे बुजवावीत, आणि फायबरच्या होडीस गोड्या पाण्याने स्वच्छ धुऊन, बूच काढून, त्याच तंबूखाली ठेवावे. बंद केबिन असलेल्या नौकेत खिडक्या जाळी लावून किंचित उघड्या ठेवाव्यात. केबिनमध्ये चुना किंवा ओल शोषणारी पुडी ठेवण्याची कल्पना अगदी बंद कपाटापुरती ठीक. उघड्या होडीत ती ठेवणे म्हणजे अरबी समुद्रावरची हवा वाळविण्याचा यत्न करणे आहे.

औषधांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण आमच्याकडे प्रश्न येतात ते प्रामुख्याने याच प्रकारचे. सुपारीच्या कोळेरोगासाठी केलेले बोर्डो मिश्रण उरले आहे, ते होडीवर फवारू का? फवारू नये. त्यातील मोरचूद लोखंडी खिळ्यांस व ॲल्युमिनियमला गंज चढविते आणि धुऊन खाडीत गेले तर मासळीस विषारी ठरते. भाजीपाल्यावरची बुरशीनाशकेही या कामासाठी नाहीत. टाकणखार किंवा बोरिक अम्ल यांचे द्रावण आतील कोरड्या लाकडास संरक्षण देते, पण पावसाने ते धुऊन निघते, म्हणून छपराखालीच त्याचा उपयोग. बुरा आलाच तर तो कोरडा झटकू नये, कारण बीजकण उडून नाकात जातात. बुरसलेल्या पेंढ्याची धूळ छातीस जशी बाधते तशीच हीही बाधते. नाकातोंडास फडके बांधून, साबणाच्या पाण्यात भिजविलेल्या कापडाने तो पुसावा व जागा वाऱ्यावर वाळू द्यावी. कपडे शुभ्र करण्याचे जे द्रावण बाजारात मिळते, त्याने डाग जातो, लाकडातील बुरशी जात नाही. ते कोणत्याही आम्लात किंवा अमोनियात मिसळले तर विषारी वायू निघतो, हे घरातील मुलांनाही सांगून ठेवावे.

छप्पर घालून घरी बसणे मात्र नको. आठवड्यातून एकदा होडीवर नजर टाकावी, आणि आर्द्रा-पुनर्वसूच्या झडीनंतर जेव्हा उघडीप मिळेल तेव्हा ताडपत्रीची वाऱ्याकडील बाजू दोन-तीन तास वर टाकावी. या कामास दहा मिनिटे लागतात. लावणीच्या दिवसांत दहा मिनिटेही कोणाकडे नसतात हे मी जाणतो. म्हणूनच होडी घरापासून दूर, एकट्या बंदरावर न ठेवता येता-जाता दिसेल अशा जागी ठेवणे बरे.

येथेच खरी अडचण आहे, आणि ती शेतकऱ्याने एकट्याने सोडविण्याजोगी नाही. कित्येक गावांत होड्या ओढून ठेवण्याची जी सामाईक मोकळी जागा असे, ती कुंपणे, भिंती व नव्या बांधकामांमुळे आक्रसत चालली आहे. जागा नाही म्हणून होड्या एकमेकींस चिकटवून ठेवतात, आणि मग कितीही चांगले छप्पर घाला, वारा खेळणार कोठून? ग्रामपंचायतींनी अशी जागा आखून राखली, आणि सहकारी संस्थांनी तीवर चार-सहा होड्यांची मिळून एक उंच, उघड्या बाजूंची कायमची शेड उभारली, तर झापांचा व ताडपत्रीचा दोन्ही प्रश्न एकदमच सुटतो. आम्हा अधिकाऱ्यांचेही येथे चुकते. नवी वस्तू घेण्यास शेतकऱ्यास प्रवृत्त करणे हे आम्ही आपले काम समजतो. घेतलेली वस्तू टिकविण्याविषयी आमच्या सभांत क्वचितच बोलले जाते. कांदा साठवणे हा शेतीचा विषय होऊ शकला, तर होडी साठवणे का होऊ नये?

श्रावणात होडी पाण्यात लोटण्यापूर्वी तिची तपासणी दिवसाउजेडी करावी. लाकडी हातोड्याने फळ्या ठोकून पाहाव्यात. निरोगी फळी खणखणते, कुजलेली भदभद वाजते. बरगड्यांची टोके, वरच्या काठाचे सांधे व खिळ्यांच्या भोवती आरी टोचून पाहावी. जेथे आरी सहज शिरेल तेथील लाकूड निरोगी भागापर्यंत कापून काढून नवे बसवावे. वरून राळ किंवा रंग लिंपून वेळ मारून नेऊ नये. सणासाठी होडी रंगविण्याची हौस सर्वांस असते, पण पावसाळी ओलीवर दिलेला रंग महिन्याभरात फुगे धरून सुटतो. तेव्हा या वेळी नाळेवर हौसेपुरता रंग द्यावा व बाकीचा मे महिन्यासाठी राखावा. अडीच महिने उघड्यावर राहिल्याने फळ्या थोड्या आकसल्या असल्यास होडी काठाशी उथळ पाण्यात एक-दोन दिवस बांधून ठेवावी, म्हणजे सांधे फुगून बसतात. त्यापूर्वी बूच बसविण्यास विसरू नये. ते हरवू नये म्हणून काढल्याबरोबर वल्ह्यास बांधून ठेवण्याची त्या म्हातारबाबांची रीत मला फार पसंत पडली.